दारातली द्राक्षवेल आणि तिच्या दोन छाटण्या

नाशिक, पुणे, सांगली, सोलापूर या पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या वसाहतीत फिरा, एखाद्या दारात द्राक्षाची वेल दिसतेच. कुणी ती फाटकावरच्या कमानीवर चढवलेली असते, कुणी गच्चीवरच्या लोखंडी मांडवावर. पानं तळहातापेक्षा मोठी, सावली गच्च, आणि घड एकही नाही. घरचे लोक हौशी असतात, शेणखत घालतात, रोज पाणी देतात, आणि वेल जितकी माजते तितकं घडांचं लक्षण आणखी दूर जातं. मग कुणी जात वाईट म्हणतं, कुणी मातीला बोल लावतं. माझ्या मते अशा दहातल्या आठ वेलींचं दुखणं एकच असतं. त्यांना वेळेवर कुणी कापलेलं नसतं.

वाढवलेल्या झाडाला कात्री लावायला हात धजावत नाही, हे मी समजू शकतो. पण द्राक्षवेल ही मुळात थंड हिवाळ्याच्या मुलखातली. तिथे थंडी पडली की पानं गळतात, वेल महिनोन् महिने निजते, वसंतात डोळे फुटतात आणि वर्षाला एक पीक येतं. आपल्या पठारावर तिला निजवणारी थंडीच पडत नाही. ती बारा महिने हिरवी राहते, शेंड्याकडे धावत सुटते, खालचे डोळे मुके राहतात. जे काम तिकडे हिवाळा करतो, ते इथे माणसाला करावं लागतं.

ही गोष्ट नवी नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा तिथल्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोनदा फळ येतं, अशी नोंद त्याने करून ठेवली. उष्ण हवेत छाटली की वेल फुटते आणि फुटली की फळू शकते, हे दख्खनला इतकं जुनं ठाऊक आहे. तामिळनाडूतल्या कंबम खोऱ्यात तर आजही दोन वर्षांत पाच पिकं काढतात. महाराष्ट्राने मात्र वेगळी वाट धरली. एप्रिलमध्ये छाटून त्यावर पीक धरलं, तर ते ऐन पावसाळ्यात तयार होणार, म्हणजे आंबट, तडकलेलं आणि कुजकं. म्हणून आपल्याकडे एप्रिलची छाटणी फक्त काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरची फळासाठी. छाटण्या दोन, पीक एक. पहिलीला बागायतदार खरड छाटणी म्हणतात, दुसरीला गोडी छाटणी. घरच्या एकुलत्या एका वेलीलाही हाच नियम लागू आहे. तिला एकराच्या बागेपेक्षा कमी कळतं असं नाही.

आता खरड छाटणी का करायची, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण सगळी गोम तिथेच आहे. द्राक्षाचा घड जुन्या लाकडावर लागत नाही. चालू वर्षी वाढून पिकलेल्या तपकिरी काडीवर जे डोळे असतात, ते पुढच्या छाटणीनंतर फुटतात, आणि त्या कोवळ्या फुटीवर तिसऱ्या ते सहाव्या पानाच्या समोर घड दिसतो. ऑक्टोबरनंतर दिसणारा हा घड ऑक्टोबरात तयार झालेला नसतोच. तो मे-जूनमध्ये, डोळा अजून हिरव्या काडीच्या बगलेत मोहरीएवढा असताना, आतल्या आत घडून बसलेला असतो. बागायतदार याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ७० दिवस हा त्याचा काळ. गोडी छाटणीच्या आधी शेतकरी काड्या प्रयोगशाळेत नेतात, तिथे डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि कुठल्या डोळ्यात घड आहे यावरून काप कुठे घ्यायचा ते ठरवतात. एका डोळ्यात एकच अंकुर नसतो हेही तिथे दिसतं. मधला मुख्य आणि त्याच्या कुशीत दोन राखीव. मुख्य अंकुर मेला तर राखीव फुटतो, पण त्यात बहुधा घड नसतो किंवा असला तर लहानसा असतो.

याच्याही आत एक सुंदर गोष्ट आहे. वेलीला आधार धरायला जी वळणारी बाळी येते, ती आणि घड ही मुळात एकाच अंकुराची दोन रूपं आहेत. तो अंकुर कुठल्या बाजूला झुकेल, हे वेलीतल्या संजीवकांवर ठरतं. जिबरेलिनचा जोर असला की बाळी, सायटोकायनिनचा असला की घड. २००२ साली पॉल बॉस आणि मार्क थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये एका बुटक्या वेलीचं वर्णन प्रसिद्ध केलं. पिनो मनिए या जातीपासून मिळालेल्या त्या वेलीवर जिबरेलिनचा परिणामच होत नव्हता, आणि जिथे एरवी बाळी यायची त्या प्रत्येक जागी तिला घड लागत होते. आपल्या गच्चीवरच्या माजलेल्या वेलीत याच्या नेमकं उलट चाललेलं असतं. भरपूर नत्र, भरपूर पाणी, एकावर एक चढलेली पानं आणि डोळ्यांवर सावली. अशा वेळी वाढीचा जोर वरचढ होतो आणि घड बाळीत जिरतो. घड जिरला, हा शब्द सांगली-नाशिकच्या बागेत फार काळजीने उच्चारला जातो. घरी तो जिरलेला कुणाच्या ध्यानातही येत नाही.

म्हणून मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत, फळं उतरवून वेलीला पंधरा-वीस दिवस विसावा दिला की, कात्री हातात घ्यायची. मांडवावर दोन्ही बाजूंना पसरलेल्या जाड ओलांड्यावरच्या सगळ्या काड्या तळाचा एकेक डोळा ठेवून काढायच्या. छाटल्यावर मांडव ओकाबोका दिसतो, शेजारीपाजारी हळहळतात. हळहळू द्यावं. एप्रिलचं ऊन डोळे फोडायला उत्तम असतं, आणि या काळात पाणी भरपूर द्यावं, खतही आताच. फूट बोटभर झाली की गर्दी विरळ करायची. दोन फुटींमध्ये तीन-चार बोटं अंतर हवं, नाहीतर मेच्या शेवटी पुन्हा अंधार होतो.

फुटीला सात पानं आली की शेंडा खुडायचा. वरच्या डोळ्यातून बगलफूट निघते, तिलाच पुढे चालू द्यायचं. यालाच सबकेन म्हणतात. जिथे ही बगलफूट सुटते तिथे काडीला गाठ पडते आणि त्या गाठीच्या आसपासचे डोळे हमखास फळतात. मग पुन्हा पंधराव्या पानाच्या सुमाराला शेंडा थांबवायचा आणि नंतर येणाऱ्या बगलफुटी खुडत राहायचं. जूनपासून नत्राचं खत बंद, पाणीही बेताचं. पाऊस आपल्या हातात नाही, पण कुंडीत असेल तर पाणी धरणं हातात आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात काडी बुडख्याकडून तपकिरी होत वर जाते. ती पिकली का, हे पाहायला एक काडी आडवी कापून बघा. मधला गाभा बारीक आणि तपकिरी, सभोवती घट्ट लाकूड, असं दिसलं तर काडी तयार. गाभा रुंद, पांढरा आणि भुसभुशीत असेल, तर तिच्या डोळ्यांकडून फार आशा धरू नये.

लावणीकडे आता वळतो, कारण तिथे लोक नको तितका विचार करतात आणि एका गोष्टीचा अजिबात करत नाहीत. ती गोष्ट म्हणजे ऊन. दिवसाचे सहा-सात तास थेट ऊन नसेल, तर द्राक्ष लावूच नये, त्यापेक्षा मोगरा लावावा. माती निचऱ्याची हवी. काळ्या चिकण जमिनीत दोन-अडीच फुटांचा खड्डा काढून त्यात मुरूम, वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून भरावं. गच्चीवर दोनशे लिटरच्या पिंपाचा अर्धा भाग एका वेलीला पुरतो, तळाला भोकं मात्र सढळ हवीत. बोअरचं पाणी खारट असेल, तर डॉगरिजसारख्या खुंटावर कलम केलेलं रोप रोपवाटिकेतून आणावं. पाणी गोडं असेल तर साध्या काडीपासून केलेलं रोपही घरच्यापुरतं छान चालतं. ऑक्टोबरच्या छाटणीत निघालेली पेन्सिलीच्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची पिकलेली काडी घ्यायची, खालचा काप डोळ्याच्या लगत सरळ, वरचा डोळ्यापासून थोडा वर तिरका, आणि माती-वाळूच्या पिशवीत दोन डोळे बुडतील अशी खोचायची. बी मात्र लावू नये. बियांतून येणारी वेल आईबापासारखी निघत नाही.

जातीबद्दल घरगुती माणसाने बाजाराच्या मागे जाऊ नये असं मला वाटतं. थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या जाती आपल्याला परिचयाच्या. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेली तास-ए-गणेश, सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांची लांब मण्यांची सोनाका, आणि माणिक चमन. ही सगळी शेतकऱ्यांच्या नजरेची कमाई आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच आहे. पण घरी लावताना एक गोष्ट आधीच जाणून घ्या. या जातींच्या मण्यात बी तयार व्हायला लागतं आणि मध्येच खुंटतं, त्यामुळे मणी स्वभावतःच लहान राहतो. बाजारात दिसणारा फुगीर मणी जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवून आणि मण्यांची विरळणी करून मिळतो. तुमच्या वेलीचे मणी वाटाण्याएवढे निघाले, तर तिच्यात काही उणं नाही, तिचं खरं माप तेच. चवीला ते बाजारातल्या मण्यांपेक्षा गोड लागतात, असं मी ठामपणे म्हणेन.

रोगांची कटकट नको असेल, तर मी बंगलोर ब्लू सुचवेन. ही जांभळी-काळी, बियांची, जाड सालीची, कस्तुरीसारख्या वासाची जात अमेरिकन वंशाची आहे. करपा तिला फारसा गांजत नाही, पानावर तांबेरा मात्र येतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेली एआरआय-५१६ हीदेखील अमेरिकन कॅटॉबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातली, बुरशीला दाद न देणारी, रसाला चांगली आणि छाटणीपासून ११० ते १२० दिवसांत तयार होणारी आहे. मुंबई, कोकण, गोवा इथे राहणाऱ्यांनी मात्र द्राक्ष लावताना मांडवाच्या सावलीवर समाधान मानायची तयारी ठेवावी. तिथली दमट हवा या वेलीच्या स्वभावाला मानवत नाही.

लावल्यावर पहिलं वर्ष-दीड वर्ष फळाचं नावही काढू नये. एकच जोमदार फूट बांबूला बांधत साडेसहा-सात फुटांच्या मांडवापर्यंत न्यायची, तारेच्या वीतभर खाली शेंडा खुडायचा, आणि दोन फुटी दोन दिशांना ओलांडे म्हणून चालवायच्या. ओलांडाही एका दमात लांबवू नये. सात-आठ पानांवर थांबवावा, जाड होऊ द्यावा, मग पुढे सोडावा. घाईने ताणलेला ओलांडा मध्ये बोडका राहतो आणि ती रिकामी जागा पुढे आयुष्यभर भरत नाही.

गोडी छाटणीची वेळ साधणं ही या पिकातली सगळ्यात अवघड गोष्ट. परतीचा पाऊस ओसरायला हवा आणि थंडी वाढायच्या आत फुलोरा सरायला हवा. म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य. आधी पंधरा दिवस पाणी तोडावं, सात-आठ दिवस आधी पानं हाताने काढून टाकावीत. सबकेन असेल तर गाठीच्या पुढचा एक डोळा राखून काप घ्यायचा, सरळ काडी असेल तर सहाव्या ते आठव्या डोळ्यावर. काप डोळ्यापासून अर्धा इंच दूर आणि धारदार कात्रीने. बागेत या वेळी डोळे फोडायला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ते विषारी रसायन घरात आणूच नये. त्याऐवजी छाटलेली काडी आडवी वाकवून तारेला बांधली, की शेंड्याचा वरचष्मा मोडतो आणि मागचे डोळेही फुटतात. चार जास्त-कमी फुटतील, घरच्याला चालतं.

आठ-बारा दिवसांत डोळे फुगून कापसासारखे दिसू लागतात. या आठवड्यात रोज रात्री टॉर्च घेऊन वेलीपाशी जा. उडद्या नावाचा बारीक तपकिरी भुंगेरा नेमका हा फुगलेला डोळा कोरून खातो, आणि एका रात्रीत त्या काडीचा घड जातो. त्याला हात लागला की मेल्याचं सोंग घेऊन तो खाली पडतो. खाली पांढरं कापड पसरून काडी हलवली, तर सगळे सापडतात. दिवसा तो सुटलेल्या सालीखाली दडतो. पिठ्या ढेकणाचंही घर तेच. तेव्हा छाटणीनंतर खोडाची सुटी साल हाताने काढून जाळून टाकावी. औषधाच्या बाटलीपेक्षा हे काम अधिक उपयोगी पडतं.

रोगांपैकी केवडा आणि भुरी हे दोन ओळखता आले म्हणजे घरच्यापुरतं बरंच साधलं. केवड्यात पानाच्या वरच्या बाजूला तेलाचा डाग पडावा तसा पिवळट ठिपका दिसतो. पान उलटा. डागाच्या बरोबर पाठीमागे पांढरी, कापसाच्या तंतूंसारखी लव असली, तर तो केवडाच. याला पान ओलं असावं लागतं, म्हणून पाऊस, दव आणि पानावर मारलेलं पाइपाचं पाणी ही त्याची आवतणं. भुरी याच्या उलट. तिला ओल लागत नाही, सावली आणि ढगाळ थंड हवा पुरते, आणि पीठ भुरभुरल्यासारखी ती पानावर, मण्यांवर पसरते. भुरी आलेला कोवळा मणी पुढे फुगताना तडकतो.

केवड्यावरचं औषध १८८२ साली फ्रान्समधल्या मेडोक भागात अपघाताने सापडलं. रस्त्याकडेच्या वेलींवरून लोकांनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून तिथे मोरचूद आणि चुना शिंपडत, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या ध्यानात आलं की नेमक्या त्याच वेलींची पानं केवड्यातून वाचली आहेत. १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण प्रसिद्ध केलं. तेच आजचं बोर्डो मिश्रण. घरी पाच लिटरसाठी ५० ग्रॅम मोरचूद आणि ५० ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून, चुना गाळून, मग एकत्र. मिश्रणात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून पाहायचा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, तो आणखी घालायचा. हे त्याच दिवशी फवारून संपवावं, आणि कोवळ्या पालवीवर निम्म्या ताकदीचं वापरावं. भुरीला पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, तेही सकाळी किंवा संध्याकाळी. कडक उन्हात गंधकाने पानं भाजतात. मणी भरू लागल्यावर मात्र खाण्याच्या वस्तूवर काही मारू नये, एवढी शिस्त घरच्या बागेला पाळता येते.

छाटणीनंतर महिना-दीड महिन्यात फुलोरा येतो. द्राक्षाच्या फुलाला उमलायची वेगळीच रीत आहे. त्याच्या पाकळ्या वरच्या बाजूला जोडलेल्या असतात, आणि फूल उमलताना ती हिरवी टोपी खालून सुटून उडून जाते, आत पाच पुंकेसर उभे दिसतात. बहुतेक जाती स्वतःच्या परागानेच फळतात, म्हणून एक वेलही पुरते. मणी ज्वारीएवढे झाले की मन घट्ट करून घड कमी करायचे. एका काडीवर एकच घड, आणि त्या घडामागे बारा-पंधरा निरोगी पानं. पहिल्या फळावरच्या वेलीला आठ-दहा घड पुरे, भरलेल्या वेलीला पंचवीस-तीस. घडाची शेपटी छाटून वरच्या आठ-दहा पाकळ्या, म्हणजे घडाच्या बाजूच्या फांद्या, राखल्या, तर मणी एकमेकांना चेपत नाहीत, आतली हवा खेळती राहते. लोभाने सगळे घड ठेवले, की सगळेच आंबट राहतात आणि पुढच्या वर्षीची काडीही कमजोर होते.

जानेवारीच्या सुमाराला मण्यात पाणी उतरतं. कालपर्यंत कडक असलेला मणी बोटाला मऊ लागतो, साल पारदर्शक होते आणि साखर वेगाने भरू लागते. इथून पुढे पाणी कमी पण नेमाने द्यावं. आठ दिवस कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं, की मणी तडकतात. दिवसा ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी असली, तर हिरव्या जातींचे मणी गुलाबी पडतात. त्यासाठी बागायतदार घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळतात. घरी या कागदांचा आणखी एक उपयोग म्हणजे बुलबुल आणि वटवाघळं. कागद नसेल तर जुन्या सुती साडीची पिशवी शिवून घडाला बांधावी.

घड काढायची घाई करू नका. आंबा, केळं, पेरू काढल्यावर पिकतात, द्राक्ष नाही. वेलीवरून उतरवलं त्या क्षणी त्याची गोडी जिथे होती तिथेच थांबते. रंगावर जाऊ नये, आणि वरचा मणी चाखूनही ठरवू नये, कारण घडात वरचे मणी आधी पिकतात आणि टोकाचे शेवटी. शेपटीकडचा मणी तोडून खावा. तो गोड लागला तरच घड तयार. देठ कात्रीने कापावा, हाताने ओढू नये, आणि मण्यावरचा पांढुरका थर पुसू नये. तो औषधाचा डाग नसून मण्याचं स्वतःचं मेण आहे, आणि त्यानेच मणी टवटवीत राहतो. सकाळी दव उडाल्यावर काढलेला घड फ्रिजमध्ये न धुता ठेवावा, खाताना धुवावा.

शेवटचा घड उतरल्यावर वेलीकडे पाठ फिरवण्याची चूक बरेच जण करतात. फळांनी तिचा साठा उपसलेला असतो. एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड बुंध्यापासून फूटभर लांब मातीत मिसळावी, पानं शाबूत ठेवावीत आणि बेताचं पाणी चालू ठेवावं. या पंधरा-वीस दिवसांत पानांनी बनवलेलं अन्न खोडात आणि मुळांत जाऊन बसतं, आणि एप्रिलच्या कापानंतर येणारी पहिली फूट त्याच साठ्यावर निघते.